मंचरला थांबणारी गाडी

कुंटेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये उकिडवे बसून फूटपट्टीनं काहीतरी मोजत होते. वारज्यातल्या त्या इमारतीत मी भाड्यानं राहायला आले तो दिवस. खाली टेम्पोवाला घाई करतोय, माझ्या काखेत गादीची वळकटी, आणि लिफ्टचं दार अडवून हे गृहस्थ बसलेले. मी म्हटलं, "काका, जरा वर जायचं होतं."

"जाल हो. वर जायला काय लागतं?" मान वर न करता ते म्हणाले. "ही थांबते कुठे ते बघा आधी. मजल्याच्या बोटभर वर. रोज. एखादं म्हातारं माणूस ठेच लागून पडेल, मग सोसायटी शोकसभा घेईल. शोकसभेला वेळ आहे यांना, लिफ्टला नाही."

मी अमरावतीची. आमच्याकडे नव्या भाडेकरूला आधी पाणी विचारतात, मग नाव-गाव, आणि चहा होईपर्यंत पगारही विचारून होतो. इथे माझं नाव विचारायच्या आधी मला लिफ्टचा दोष समजावून सांगण्यात आला होता. मनात म्हटलं, बाप्पा, कुठं येऊन पडले मी! वर गेल्यावर कळलं की तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोरचं दार त्यांचंच आहे.

ती नव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं. माझ्यासारखी गावोगावची मुलं-मुली कॉम्प्युटर शिकून पुण्यात उतरत होती आणि वारज्यातली शेतं एकेक करून इमारतींखाली जात होती. मला हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली होती. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका शोधायच्या. कुंटेकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "याचे पगार देतात? आम्ही हे आयुष्यभर फुकट केलं आणि वर शिव्या खाल्ल्या."

काका उंच आणि हडकुळे होते. शर्टाच्या खिशात कायम एक छोटी फूटपट्टी आणि दिव्याचा टेस्टर. स्वेच्छानिवृत्ती घेतलेली होती. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते आणि त्यांच्या पत्नी वसुधाकाकू दोघंही कधी बोलले नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांची एकच परीक्षा होती, ती म्हणजे ती गोष्ट थांबते कशी. सिग्नलला करकचून ब्रेक दाबणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे ते असं बघत की त्यानं यांना भर चौकात शिवी दिली असावी. गवयाचं गाणं कसं झालं विचारलं तर म्हणत, "गायला बरा. पण संपवता येत नाही त्याला." एकदा हडपसरच्या बसमध्ये ते माझ्याबरोबर होते. उतरताना मुद्दाम पुढच्या दारानं उतरले आणि ड्रायव्हरला अत्यंत अदबीनं म्हणाले, "आपण ब्रेक लावता, की सूड घेता?"

ड्रायव्हरही पुण्याचाच. तो म्हणाला, "मग उद्यापासून तुम्हीच चालवा की काका."

"चालवायला काय, कुणीही चालवेल. थांबवायचं बोला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी चालवणं कुणालाही येतं, थांबवणं शिकावं लागतं. दिवसातून एकदा तरी ते म्हटल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मला आधी ते नुसतं चिडकेपण वाटलं. मग एका रविवारी काकूंनी मला घरात बोलावलं आणि मी ती गाडी पाहिली.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत सोफा, टीव्ही, टीपॉय असं काहीही नव्हतं. पाहुण्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागे. बाहेरची सगळी खोली एका मोठ्या टेबलानं व्यापली होती, आणि टेबलावर रेल्वे होती. हाताच्या पंजाएवढं इंजिन, मागे डबे, प्लास्टर ऑफ पॅरिसचा डोंगर, त्यातून बोगदा. एका टोकाला पुणे स्टेशन, दुसऱ्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं 'मंचर'. मंचरच्या पुढे रूळ संपत होते आणि तिथे एक लाकडी ठोकळा होता. भिंतीवर काकांच्या अक्षरात सूचना होती: 'गाडीला हात लावू नये. लावल्यास का लावला ते सांगावे.'

"मंचरला कुठंय रेल्वे?" मी विचारलं.

"नाहीच," काकू म्हणाल्या. "माझं माहेर ते. आमच्या लहानपणापासून येणार येणार म्हणतात. शेवटी यांनीच आणली."

वसुधाकाकू बुटक्या, गोऱ्या, बोलायला काकांपेक्षाही कोरड्या. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. कोथरूडपासून शिवणे गावापर्यंतच्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या विद्यार्थिनींनी शिवले असतील. आणि या घरातली मौज अशी, की रेल्वे काकांची असली तरी ती चालवायच्या काकू. काका रूळ जोडत, तारा ओढत, सिग्नलचे दिवे लावत, पण रेग्युलेटर काकूंच्या हातात. पंख्याला असतो तसा काळा गोल रेग्युलेटर, त्यावर एक तांबडी रेघ. समोर त्यांची लाकडी खुर्ची. काका बाजूला स्टुलावर बसून हाक देत, "ड्रायव्हरसाहेब, सिग्नल हिरवा!" आणि काकू चष्मा सारखा करून गाडी सोडत.

इंजिनामागच्या सपाट डब्यावर एक पितळी अंगुस्तान ठेवलेलं असे, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. काका त्यात थेंबाथेंबानं काठोकाठ पाणी भरत. गाडी बोगद्यातून बाहेर येई, काकूंची बोटं रेग्युलेटरवर अशी फिरत की फिरतायत हे दिसू नये, आणि इंजिन ठोकळ्यापासून दोन बोटांवर, बरोबर पाटीसमोर उभं राही. अंगुस्तानातलं पाणी जागचं हलत नसे. काका ते बघायला खाली वाकत आणि दर वेळी नव्यानं खूश होत.

"कसं जमतं हो काकू?" मी विचारलं.

"त्यात काय जमायचंय? कोपरा आला की मशीन कुठे थांबवायचं ते पायाला कळतं, तसं हे हाताला कळतं. आणि चुकलं तर उसवायचं." पोरींनाही त्या हेच सांगत. शिवण पुढे गेली की, "गेली पुढे. उसवा. उसवायला लाजायचं नाही."

गाडी आली कुठून त्याची गोष्ट काकांनी मला एकदा पावसाळ्यातल्या दुपारी सांगितली. ते हडपसरच्या ज्या कारखान्यात होते तिथे छतालगत चालणारी मोठी क्रेन होती. टनावारी माल उचलून ती शेडच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायची आणि खाली हेलकावा बसू न देता थांबवायची, हे काम करणारे जुने ऑपरेटर होते. काका त्यांचे सुपरवायझर. मग बाहेरच्या देशांसाठी दारं उघडली, कारखान्यात परदेशी भागीदार आले, आणि त्यांच्याबरोबर क्रेन आपोआप थांबवणारी यंत्रणा आली. ती शिकायला काकांना परदेशी पाठवलं. तिथल्या भत्त्यातून त्यांनी हा रेल्वेचा संच घेतला. परत येऊन त्यांनी यंत्रणा बसवली. नुसती बसवली नाही, जीव ओतून बसवली. क्रेन कुठे वेग कमी करेल, किती करेल, शेवटचं हातभर अंतर कशी सरकेल, सगळं जुन्या ऑपरेटरांच्या हाताकडे बघून त्यांनी तिच्यात उतरवलं.

"आणि मग?"

"मग काय! साहेब आले, क्रेन पाहिली, म्हणाले, छान बसवलंत कुंटे, धक्का अजिबात बसत नाही. महिन्याभरात ऑपरेटरांना व्ही.आर.एस. ऑपरेटर नाहीत तर सुपरवायझर कोणाला सुपरवाइझ करणार? मलाही. शाल आणि नारळ. शाल तेवढी चांगली होती." त्यांनी खिशातली फूटपट्टी काढून परत ठेवली. "इतकं छान बसवलं, मेघना, की त्यात मी उरलोच नाही."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "त्या नारळाची चटणी केली होती मी. यांना घास उतरला नाही." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्या दिवसांत काका रोज सकाळी सवयीनं डबा भरायला सांगत आणि मग कपडे करून गॅलरीत बसत, हे मला नंतर कळलं. त्यातून काकूंनीच त्यांना बाहेर काढलं. माळ्यावर पडलेलं रेल्वेचं खोकं खाली काढलं, सोफा विकून टाकला, आणि म्हणाल्या, "मला मंचरला जायचंय. करा सोय."

कारखाना पुढे बंद पडला. जागेवर आयटी पार्क उभं राहिलं, आणि योगायोग असा की माझं ऑफिस तिथेच होतं. काकांना हे कळल्यापासून ते मला काहीबाही विचारायचे. "तुमच्या टेबलाखालची जमीन पूर्वेकडे जरा उतरती आहे का?"

"काका, तिथे गालिचा आहे. आणि खाली दोन मजले पार्किंग."

"अस्सं," म्हणायचे. काही दिवसांनी परत विचारायचे. एकदा मी म्हटलं, चला, दाखवते तुम्हाला. ते म्हणाले, "नको. तुमच्या गेटवरचा माणूस विचारेल, कोणाला भेटायचंय? काय सांगू?"

काकूंचा उजवा हात कापायला लागला तो बहुधा त्याच सुमाराला. आधी चहाची कपबशी वाजायची. मग सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, व्यायाम सुरू झाले, पण शिवणाचा क्लास बंद झाला. शेवटच्या विद्यार्थिनीला काकूंनी स्वतःची कात्री दिली. मशीनवर कव्हर घातलं आणि वर पाण्याची कळशी ठेवली, म्हणजे उघडायचा मोहच नको. या सगळ्यात त्या एकदाही रडल्या नाहीत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "बाकी सगळं जाऊ दे गं. एवढी गाडी राहिली तर बास."

पण गाडीही राहीना. रेग्युलेटरवर हात ठेवला की इंजिन झटके खात चालायचं. मंचर आलं की बोटं एक तर लवकर फिरायची नाही तर फिरायचीच नाहीत. एका संध्याकाळी इंजिन भरवेगात ठोकळ्यावर आदळलं, अंगुस्तान उडून डोंगरापलीकडे पडलं, आणि काकू खुर्चीतून उठून आत निघून गेल्या. काका खाली वाकून अंगुस्तान शोधत राहिले. ते त्यांच्या पायाशीच होतं, मला दिसत होतं. मी बोलले नाही, कारण त्यांना तोंड वर करायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून काकू व्यायामाला गेल्या की काका टेबलाखाली शिरायचे. इंजिनाच्या पोटाला त्यांनी एक छोटं लोहचुंबक चिकटवलं. मंचरच्या अलीकडे रुळाखाली काही खटके लपवले. इंजिन पहिल्या खटक्यावरून गेलं की वीज थोडी कमी, दुसऱ्यावरून आणखी कमी, आणि पाटीसमोर शून्य. रेग्युलेटर कुठेही असो. गाडी परत सोडण्यासाठी टेबलाच्या कडेखाली एक बटण होतं, ते काका गुडघ्यानं दाबणार. वाटेत गाडीनं झटके खाऊ नयेत म्हणून आणखी एक जोडणी होती, हात कापला तरी वीज कापू नये अशी. थोडक्यात, क्रेनवर केलं तेच सगळं.

मग मला बोलावलं. "तू पगार घेतेस ना चुका शोधायचे? बस या खुर्चीत. आणि मुद्दाम चूक."

मी हात थरथरवला. रेग्युलेटर उशिरा फिरवला, उलटा फिरवला, सोडून दिला. गाडी दर वेळी पाटीसमोर अलगद उभी राहिली आणि पाणी सांडलं नाही. मी म्हटलं, "काका, काकूंना सांगणार ना?"

"सांगितलं तर बसेल का ती इथे?" ते म्हणाले.

मग जवळजवळ वर्षभर त्या घरात पुन्हा सुख होतं. काका हाक देत, "ड्रायव्हरसाहेब, मंचर आलं!" काकूंचा हात कापत कापत रेग्युलेटर फिरवे, आणि गाडी थांबे. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताकडे किती वेळ पाहिलं! पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "कपबशी धरवत नाही हो, पण गाडीवर ठेवला की ऐकतो हात." गोळ्या नियमित घेऊ लागल्या, कुणी न सांगता व्यायामाला जाऊ लागल्या. एकदा मशीनवरची कळशीसुद्धा खाली काढलेली दिसली. काका स्टुलावर गुडघा टेबलाला टेकवून बसत आणि माझ्याकडे बघायचं टाळत. मला आनंद व्हायचा, पण काकूंनी हाताचं कौतुक सुरू केलं की मी काहीतरी निमित्त काढून घरी यायचे.

मग गणपती आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटसकर हौशी माणूस. त्यांनी ठरवलं की यंदा देखावा कुंट्यांच्या रेल्वेचा. काका नको नको म्हणत होते, पण काकूंनाच हुरूप आला. "नेऊ या की खाली. लोकांना कळू दे मंचर कुठंय ते." टेबल सुटं करून पार्किंगमध्ये गणपतीपुढे मांडलं. काकांनी सगळ्या गुप्त जोडण्या स्वतःच्या हातानं परत केल्या, कोणा इलेक्ट्रिशियनला जवळ फिरकू दिलं नाही. काकू मोरपंखी साडी नेसून खुर्चीत बसल्या. आरतीनंतर सगळी सोसायटी भोवती जमली, पोरं पुढे, पाटसकर माइक घेऊन.

पहिल्या फेऱ्या छान झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना टाळ्यांची सवय नव्हती, त्यांचा चेहरा लाल झाला. पुन्हा सिग्नल हिरवा झाला. काकूंनी रेग्युलेटर पूर्ण फिरवला, गाडी सुटली, बोगद्यात शिरली, बाहेर आली. काका म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, मंचर!"

काकूंचा हात हललाच नाही. त्या दुखण्यात असं होतं, कधी कधी अंग जागच्या जागी धरलं जातं. माणसाला हलायचं असतं, पण हलता येत नाही. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. बोटं रेग्युलेटरवर घट्ट, तांबडी रेघ पूर्ण वेगावर, आणि डोळे ठोकळ्यावर. ठोकर बसणार म्हणून त्यांनी मान आखडून घेतली होती.

गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि पाटीसमोर उभी राहिली. अंगुस्तानातलं पाणी तसंच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटसकर माइकवरून ओरडले, "बघा, बघा! याला म्हणतात हात! हात असावा तर कुंटेकाकूंसारखा!"

काकूंनी तांबड्या रेघेकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग काकांच्या गुडघ्याकडे. नंतरच्या फेऱ्या त्यांनी पार पाडल्या, मध्येच उठल्या नाहीत. शेवटची पोरंसुद्धा प्रसाद घेऊन वर गेली तेव्हा आम्ही तिघंच उरलो. काका वायर कोपराभोवती गुंडाळत होते.

"अहो, हे कधी बसवलंत?" काकूंनी विचारलं.

काका खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "गेल्या वर्षी."

"छान बसवलंय. धक्का अजिबात बसत नाही." त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "शाल-नारळ तेवढा राहिला."

एवढंच बोलून त्या लिफ्टकडे गेल्या. मी त्यांच्यामागे धावले. वळून पाहिलं तर काका अजून वायर गुंडाळत होते. हातातली वायर संपली होती तरी हात फिरत होता.

काकू त्या खुर्चीत पुन्हा कधीच बसल्या नाहीत. टेबल वर आलं, जोडलं गेलं. काकांनी खटके उपटले, चुंबक खरवडून काढलं, टेबलाखालचं बटण तारेसकट कापून काकूंच्या समोर ओट्यावर आणून ठेवलं. "हे बघ, आता काही नाही. फक्त तू आणि गाडी."

"मला ठाऊक झालंय आता हात काय करतो ते," काकू म्हणाल्या. "तेव्हा नव्हतं ठाऊक, तेव्हा बरं होतं. आता मुद्दाम कशाला बघू?" आणि बटण उचलून केरात टाकलं.

मला दोघांचाही राग आला होता. काकूंचा आला, कारण त्या माणसानं वर्षभर जे केलं ते काय दुष्टपणानं केलं होतं? आणि काकांचा आला, कारण नारळाच्या चटणीचा घास ज्याला उतरला नाही त्याला हे कळायला हवं होतं. पण हे मी कोणाला म्हणणार? दोघं एकमेकांशी नीट बोलत होती. औषध, दूध, वर्तमानपत्र, सगळं. फक्त गाडीवर काकूंनी शिवलेली जुनी चादर पडली ती पडली. लिफ्ट बोटभर वर थांबायची, पण फूटपट्टी घेऊन काका तिच्यात बसलेले मला दिसले नाहीत. बसमध्ये धक्का बसला तरी ते काही बोलेनासे झाले. कोणी ठरलेलं वाक्य काढायला लावलं तर नुसती मान हलवायचे.

काकू पुढे अंथरुणाला खिळल्या. पलंग आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं तरी टेबल दिसत नसे. आवाज मात्र यायचा. एका दुपारी काकांनी चादर काढली आणि स्वतः रेग्युलेटर धरला. मी तेव्हा काकूंना पेज भरवत होते. आयुष्यभर दुसऱ्याचं थांबणं मोजणाऱ्या त्या माणसाला स्वतःला गाडी थांबवता येत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर ठोकळ्यावर खट्कन आवाज झाला.

काकूंनी घास गिळला. त्यांचा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "गेली पुढे. उसवा."

बाहेर स्टूल सरकलं. मग काकांचा आवाज आला, "काय म्हणालीस?"

"उशिरा फिरवता हो. बोगद्यातून आली की लगेच सुरुवात करायची. उसवा आणि परत या."

त्यानंतर रोज दुपारी हे चालायचं. काका गाडी सोडायचे, काकू आतून कान देऊन ऐकायच्या. "लवकर थांबली. चोळीचा हात आखूड झाला." किंवा, "गेली पुढे. उसवा." कधीकधी चक्क रागवायच्या. डोळे मिटून पडलेल्या असल्या तरी रुळांचा आवाज बदलला की त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायची. काकांना काही ते नीट जमलं नाही. पाणी सांडायचंच. पण त्या खोलीत पुन्हा हाका सुरू झाल्या होत्या, आणि मला तेवढंही पुष्कळ वाटत होतं. थंडीत एका सकाळी काकू गेल्या.

मी नंतर हडपसरला ऑफिसजवळ राहायला गेले. जायच्या यायच्या गोष्टी राहून जातात तशा राहिल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी एका शनिवारी वारज्याला गेले. लिफ्ट आता नवी होती. मजल्याशी बरोबर थांबली. काकांचं दार लोटलेलंच होतं.

काका टेबलाशी बसले होते, स्टुलावर. काकूंची खुर्ची समोर रिकामी, आणि रेग्युलेटर तिच्यासमोरून ओढून यांनी आपल्याकडे घेतलेला. आतल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलेलं. पलंगावरची गादी गुंडाळली होती. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. अंगुस्तानात थेंब थेंब पाणी भरून त्यांनी गाडी सोडली. बोगद्यातून बाहेर आली तेव्हा त्यांनी रेग्युलेटर फिरवला, पण उशिरा. इंजिन ठोकळ्यावर लागलं. पाणी टेबलाच्या हिरव्या रंगवलेल्या फळीवर सांडलं. तिथला रंग सांडून सांडून पांढरा झाला होता.

त्यांनी ते पुसलं नाही. मान आतल्या दाराकडे वळवून तसेच बसून राहिले, हात रेग्युलेटरवर. मी दाराशीच उभी. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

बऱ्याच वेळानं ते स्वतःच म्हणाले, "गेली पुढे. उसवा." अगदी हळू, दुसऱ्याचं ऐकून म्हटल्यासारखं. आणि गाडी मागे घेतली.

मी म्हटलं, "काका."

त्यांनी मला पाहिलं, चष्मा काढून पुसला. "ये. बस. स्टूल आतलं घे, खुर्ची नको." मग अंगुस्तान उचललं आणि ड्रॉपर शोधू लागले. "ही एकदा नीट थांबू दे, मग चहा टाकतो."

अंधार पडेपर्यंत मी बसले होते. चहा काही झाला नाही.